प्लेहाउसची नऊ माणसे आणि मेरियनवरचा आळ

मी, एल्वी मार्याता कांगास, वय वर्षे ब्याऐंशी, अविवाहित, धंदा शिवणकाम, राहणार टॅमरॅक स्ट्रीट, पोर्टर हार्बर, मिशिगन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले. मी ते म्हटले आणि वर त्यांच्या कोटाचे दुसरे बटण लोंबते आहे हेही त्यांना दाखवून दिले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही.

कलम १. १९९८ साली मी एक मृत्युपत्र केले होते आणि सगळे माझ्या भावाला दिले होते. भाऊ माझ्याआधी गेला. ते मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम २. मला फिनिश दफनभूमीत आईशेजारी पुरावे. गाणे-बजावणे नको. आलेल्यांना कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव द्यावा. पाव घरी भाजलेला असावा, दुकानातला नको. वरच्या रांगेत क्लिफर्ड मॅडर्न यांची कबर आहे, ती हलवता येणार नाही हे मला ठाऊक आहे. वारा त्यांच्या बाजूने येतो, तेवढा सोसेन.

कलम ३. माझे राहते घर, मागची शेड आणि सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, यांसह, आणि बँकेत जी काही शिल्लक निघेल ती, मी पोर्टर हार्बर प्लेहाउसला देते. अट एकच. या घरात प्लेहाउसचा असा नट किंवा नटी राहावी, जी निदान एक पूर्ण वर्ष या गावात राहील. सहा आठवड्यांचे पाहुणे इथे ठेवू नयेत.

ही अट म्हातारीचा हट्ट वाटू नये म्हणून मागचे थोडे लिहिते.

प्लेहाउसची इमारत तांब्याच्या खाणीच्या कंपनीने १९०३ साली बांधली. पुढे साठ वर्षे तिथे कधी नाच झाले, कधी कुस्त्या, बराच काळ नुसती कबुतरे होती. १९६६ च्या सप्टेंबरात ऑल्डन गेरिश नावाचा दिग्दर्शक दोन जुन्या मोटारींतून आठ माणसे घेऊन आला. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि आईच्या घरी खाणकामगारांच्या विजारी शिवत होते. हा उंच, नाकाचा शेंडा लाल झालेला माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, राजाचा झगा शिवता येईल का तुम्हाला?"

मी विचारले, "राजा केवढा आहे?"

"सहा फूट दोन इंच. आणि भयंकर चिडका."

तो राजा म्हणजे अँब्रोज पॅस्को. मी झगा शिवला. मग राणीचा शिवला, मग शिपायांचे. त्या वर्षापासून प्लेहाउसचा कपडेपट माझ्याकडे आला आणि पुढे त्रेचाळीस वर्षे राहिला.

गेरिश धरून ती नऊ माणसे आली आणि इथेच राहिली. हे आजच्या लोकांना सांगूनही खरे वाटत नाही. त्यांनी इथे घरे घेतली, कुत्री पाळली, बर्फ उपसले. दोन वर्षांतच खाण बंद पडली, गाव अर्धे रिकामे झाले, पण ही माणसे गेली नाहीत. शनिवारी दुपारच्या खेळात ज्याने सख्ख्या भावाचा खून केला, तो सोमवारी लाँड्रीत तुमच्या शेजारी मोजे वाळवत उभा असे. बायका त्याला तोंडावर सांगत, "परवा तुम्ही फार लवकर मेलात हो, आम्ही रुमालसुद्धा काढले नव्हते." १९७९ च्या हिवाळ्यात बर्फ पहिल्या मजल्याच्या वर गेले, तेव्हा प्रेक्षक शिडी लावून बाल्कनीच्या खिडकीतून आत आले. खेळ रद्द झाला नाही. गावाने त्यांना तरुण पाहिले, पोक्त पाहिले, म्हातारे होताना पाहिले. नायिकेची आई झाली आणि आईची आजी झाली. मी दर वर्षी त्यांच्या कमरेच्या शिवणी थोड्या उसवत गेले.

१९८९ नंतर हे संपले. आता प्रत्येक नाटकाला नवे नट बाहेरून येतात, सहा आठवडे राहतात आणि जातात. माझी वरची खोली प्लेहाउस त्यांच्यासाठी घेते. गुणी मुले असतात. बेसिनपाशी शांपूच्या अर्ध्या बाटल्या ठेवून जातात. नाताळात एखाद्याचे कार्ड येते, पुढच्या वर्षी येत नाही. मी त्यांच्या नावांची वही ठेवली होती. दोनशेच्या पुढे गेल्यावर ती लिहिणे सोडले.

कलम ४. माझी दोन्ही शिवणयंत्रे, इस्त्री, लाकडी पुतळे आणि कात्र्या मंगळवारच्या शिवणवर्गातल्या बायकांना द्याव्यात. मोठ्या काळ्या कात्रीने कोणी कागद कापल्यास ती त्या बाईकडून काढून घ्यावी, मग ती कोणीही असो.

कलम ५. प्लेहाउसच्या प्रवेशदालनात १९७१ सालचा मोठा फोटो लावला आहे. त्यात डाव्या टोकाला तोंडात टाचण्या धरलेली जी बाई आहे, तिच्या खाली "अनोळखी मदतनीस" असे छापले आहे. ती मी आहे. मी संचालकांना दोनदा सांगितले. दोन्ही वेळा त्यांनी ते लिहून घेतले. माझ्या मृत्यूनंतर तिसऱ्यांदा लिहून घ्यावे आणि पाटी बदलावी. आमच्या फिनिश भाषेत कांगास म्हणजे कापड. लक्षात ठेवायला अवघड नाही.

कलम ६. न्यायाधीशाचा काळा झगा अँब्रोज पॅस्को यांची भाची थेल्मा, राहणार मार्केट शहर, हिला द्यावा. झग्याच्या बाह्या उलट्या करून पाहिल्या की आत पांढऱ्या फिती शिवलेल्या दिसतील. त्या उसवू नयेत. त्या काय आहेत ते पुढच्या कलमात येते.

कलम ७. हे कलम माझ्या मृत्यूनंतर प्लेहाउसच्या रंगमंचावरून, दिवसाउजेडी, दार उघडे ठेवून, मोठ्याने वाचावे. त्याची नक्कल मेरियन हॉस्किंग, राहणार डुलुथ, हिला पाठवावी.

मेरियन ही गेरिशने आणलेल्या आठ माणसांपैकी एक. ती नटी नव्हती, रंगमंच व्यवस्थापक होती. पडदा, दिवे, कोण कुठून येणार, कोण उशिरा आले, सगळे तिच्या हातात. बुटकी, करड्या आवाजाची, कोणाची भीडमुर्वत न ठेवणारी. खुद्द गेरिश तिला विचारल्याशिवाय खोकत नसे. मला या गावात एकच मैत्रीण होती आणि ती हीच. तेवीस वर्षे आम्ही दोघी रविवारी माझ्या सौनात बसलो. ती फार बोलत नसे, मीही नाही. ते आम्हाला जमायचे.

गेरिशने आमच्या गावावर एक नाटक लिहिले होते, "शेवटची पाळी". खाणीत अकरा माणसे गाडली गेली त्याची चौकशी, असा विषय. दर फेब्रुवारीत ते होई. त्यात अँब्रोज न्यायाधीश असत आणि शेवटी ते मेलेल्या अकराजणांची नावे एकेक करून घेत. ती नावे खरीच आमच्या गावची होती. नाव घेतले की अंधारात कुठेतरी एखादी खुर्ची करकरे.

१९८७ च्या फेब्रुवारीत अँब्रोज माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतले. तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. म्हणाले, "पोरी, काल दुसऱ्या अंकात मला माझं वाक्य सापडेना. मी खिसे चाचपले. खरंच चाचपले, किल्ल्या हरवल्यासारखे."

मी म्हटले, "मिस्टर पॅस्को, मग खिशातच ठेवू या."

मी पांढऱ्या सुती फिती घेतल्या, त्यांवर शाईने वाक्ये लिहिली आणि झग्याच्या बाह्यांच्या आत शिवली. डावी बाही पहिल्या अंकाची, उजवी दुसऱ्या अंकाची. ते हात उचलून विचारात पडल्यासारखे करत आणि वाचत. लोकांना वाटे, काय अभिनय आहे. पुढे पुढे लोकांना कळलेही. गाव लहान आहे. १९८८ च्या एका दुपारच्या खेळात ते चौथ्या नावापाशी थांबले. फीत त्यांना दिसेना. तेव्हा तिसऱ्या रांगेतून म्हाताऱ्या मिसेस ओयाला बसल्या जागेवरून म्हणाल्या, "हेइक्की ओयाला."

अँब्रोज त्यांच्याकडे वळले, थोडे वाकले आणि म्हणाले, "आभारी आहे, बाई. पुढची मला येतात."

कोणी हसले नाही. पुढची सात त्यांनी सरळ घेतली.

त्या काळात क्लिफर्ड मॅडर्न प्लेहाउसच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष होते. लाकडाच्या वखारीचे मालक, विधुर, कपडे नीटनेटके. ते दर गुरुवारी दुपारी माझ्या खोलीत येऊ लागले. येताना कागदात गुंडाळलेल्या, मांस-बटाटा भरून भाजलेल्या दोन गरम पॅस्टी आणत, एक माझ्यासाठी. मी पंचेचाळीस वर्षांची होते. माझ्या खोलीत माणसे यायची ती उभी राहून मापे द्यायला. कोणी खुर्ची ओढून बसले असे आधी झाले नव्हते. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. झाले ते असे झाले.

१९८९ च्या मार्चमध्ये अँब्रोज न्यायासनाच्या पायऱ्यांवर अडखळले. मेरियन गेरिशला सगळ्यांसमोर म्हणाली, "त्यांना आता घरी बसवा, ऑल्डन. माणूस पडून मरेल तेव्हा पडदा मी पाडायचा का?" गेरिश भडकला. दोघांचे मोठे भांडण झाले. मला मेरियनचा राग आला. म्हणून त्या गुरुवारी, तिला न विचारता, मी क्लिफर्डना म्हटले, "त्या पायऱ्यांना कठडा बसवा ना. तुमच्या वखारीत लाकडाला तोटा नाही."

"म्हातारबुवांना काय होतंय?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. सगळे सांगितले. फिती दाखवल्या. त्यांना त्या फार आवडल्या असे मला वाटले. ते बाही हातात धरून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "एल्वी, काय कसब आहे तुझं! झगा दोन दिवस देतेस? सुताराला दाखवतो, कठडा केवढा लागेल ते कळेल."

कठड्याचे माप झग्यावरून कसे निघणार, हे मी विचारले नाही. मी शिंपीण आहे. माप म्हणजे काय ते मला कळते.

विश्वस्तांच्या सभेत त्यांनी तो झगा उलटा करून टेबलावर पसरला. म्हणाले, ही नाटक कंपनी उरलेली नाही, वृद्धाश्रम झाला आहे आणि गावाला अंधारात ठेवले जात आहे. कंपनी मोडण्याचा ठराव त्याच बैठकीत झाला. नऊच्या नऊ माणसांचा करार संपवला. माझा नाही. मी कंपनीतली नव्हते, नोकर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेरिशने सगळ्यांना रंगमंचावर बोलावले. त्याने एकच विचारले, "झगा कोणी दिला?"

कपडेपटाच्या खोलीला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्याकडे, एक मेरियनकडे. आदल्या महिन्यातले भांडण सगळ्यांना आठवत होते. मेरियन म्हणाली, "मी नाही." मग तिने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. नाव सांगायलाही नाही. मी काहीतरी बोलेन आणि गोष्ट मिटेल, अशा भरवशाने पाहिले.

मी म्हटले, "मी तर कुलूप लावून गेले होते."

एवढेच. अँब्रोज खुर्चीवर बसले होते, ते मेरियनकडे बघून म्हणाले, "मला येऊन सांगायचं होतंस, मेरियन. मी आपण होऊन उतरलो असतो." टेबलावरची आपली वही, स्टॉपवॉच आणि किल्ली यांपैकी किल्ली तिथेच ठेवून मेरियन निघून गेली.

झगा तीन दिवसांनी वखारीच्या कारकुनाने आणून दिला, तपकिरी कागदात बांधून. क्लिफर्ड पुढच्या गुरुवारी आले नाहीत. त्यानंतरच्याही नाही. मी चार गुरुवार दोन कप मांडले.

अँब्रोज बहिणीकडे गेले आणि १९९२ साली वारले. गेरिश कॅनडात गेला, त्याने पुन्हा नाटक केले नाही. मेरियन डुलुथला गेली. तिच्याबद्दलची बातमी तिच्याआधी पोचली होती. नाटकवाल्यांत अशी बातमी फार लांब जाते. आपल्याच माणसांना विकणारी व्यवस्थापक कोणाला हवी? तिला कुठल्याच थिएटरने घेतले नाही. बंदरावरच्या धान्याच्या कचेरीत ती निवृत्तीपर्यंत जहाजांच्या वेळा लिहीत राहिली, असे मला पोस्टमन रसेल नीमी यांच्या चुलतबहिणीकडून कळले. छत्तीस वर्षांत मी तिला पत्र टाकले नाही. रविवारी सौना मात्र तापवत राहिले. एकटीसाठी तापवायला तेवढीच लाकडे लागतात.

म्हणून मी लिहून ठेवते. झगा मी दिला. कुलूप मी लावले नव्हते, दार मी उघडले होते. मेरियन हॉस्किंगने काहीही केलेले नाही. कंपनीतल्या बाकी आठ माणसांपैकी एकही आज हयात नाही, त्यामुळे ज्यांनी हे ऐकायला हवे होते ते ऐकणार नाहीत. हा उशीरही माझाच.

कलम ८. मेरियन हॉस्किंग हिला मी काहीही ठेवत नाही. माझ्याकडची कोणतीही वस्तू तिने घ्यावी असे मी म्हणू शकत नाही.

या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून वकील टेरी लुओमा यांना नेमते. त्या स्पष्ट बोलतात आणि माझ्या घरी बूट काढून येतात.

पोर्टर हार्बर, मिशिगन. मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५.
एल्वी मार्याता कांगास

वरील सही आमच्यासमोर झाली:
रसेल नीमी, निवृत्त पोस्टमन
डॉरिस पेल्की, ग्रंथपाल

पुरवणी

मी, तीच एल्वी कांगास, वरील मृत्युपत्राला ही पुरवणी जोडते.

सही झाल्यावर मिस लुओमांनी विचारले, "ही मेरियन जिवंत आहे का? पत्ता तपासायला हवा." मला माहीत नव्हते. त्यांनी शोधून काढला. मी सातव्या कलमाची नक्कल पाकिटात घातली आणि मरणाची वाट न बघता पोस्टात टाकली. का टाकली ते सांगता येत नाही. पेटीच्या फटीतून पाकीट आत गेल्यावर मी हात घालून पाहिला, पण तो कोपरापर्यंत जात नाही.

आठव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"एल्वी? मेरियन बोलतेय."

मी म्हटले, "मिळालं का?"

"मिळालं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, टाके घातल्यासारखं." मग कागद उलटल्याचा आवाज आला. "मेल्यावर वाचायचं म्हणतेस?"

"हो."

"मेल्यावर कशाला? तू तिकडे मातीत आरामात पडणार आणि मी इथे पाकीट फोडत बसणार? मी पंच्याऐंशीची आहे. आधी कोण जाईल याची खात्री आहे का तुला?"

"नाही."

"मग येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी वाच. दुपारी दोन वाजता. मी येते."

"मेरियन, मला जमणार नाही."

"ते मला सांगू नकोस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

प्लेहाउसच्या सध्याच्या संचालिका पेज डनिगन यांनी रविवारची दुपार मोकळी करून दिली. रसेलने सगळीकडे सांगितले. माझ्या मनात होते की प्रेक्षागृह भरेल, किंवा कोणीच येणार नाही. अकरा माणसे आली. शिवणवर्गातल्या चार, रसेल, डॉरिस, मिस लुओमा, संचालिका, मार्केट शहराहून थेल्मा आणि दोन तरुण नट, जे बहुधा ऊब म्हणून आत बसले होते. दार उघडे ठेवले होते. रस्ता दिसत होता.

मेरियन दोनला पाच कमी असताना आली. काठी घेऊन, केस पांढरे, उंची होती त्याहून कमी. तिने माझ्याकडे हात केला नाही. रंगमंचाकडे एकदा पाहिले, वर दिव्यांकडे पाहिले आणि जाऊन अगदी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसली.

त्रेचाळीस वर्षे मी त्या इमारतीत काम केले, पण प्रेक्षक समोर असताना रंगमंचाच्या मधोमध कधी उभी राहिले नव्हते. तिथून माणसांचे चेहरे दिसतात हे मला माहीत नव्हते. मी कागद धरला आणि सातवे कलम वाचले. कुलपाच्या वाक्यापाशी आवाज गेला. मग परत आला. शेवटपर्यंत वाचले आणि कागदाची घडी केली. थेल्मा रडत होती. शिवणवर्गातली एक बाई दुसरीकडे बघत होती, माझ्याकडे नाही. उद्यापासून माझ्याशी कोण बोलेल आणि कोण बोलणार नाही, हे मला वरून जवळजवळ मोजता आले असते.

तेव्हा मागून मेरियनचा आवाज आला. पंच्याऐंशी वर्षांची बाई, पण आवाज तोच, करडा.

"मागे पोचलं नाही. पुन्हा वाच."

मी म्हटले, "कुठपासून?"

"पहिल्यापासून. आणि कागद खाली धर, तोंड झाकतंय."

मी घडी उलगडली. कागद खाली धरला. पहिल्यापासून, मोठ्याने, पुन्हा वाचले. या वेळी आवाज गेला नाही. वाचून झाल्यावर तिने मान हलवली. चांगले झाले म्हणून नाही. ऐकू आले म्हणून.

मग ती काठी टेकत रंगमंचापाशी आली. मी खाली उतरले. म्हटले, "कॉफी घेशील? घर तेच आहे."

"नको. रस्ता गोठायच्या आत निघते. चार तास लागतात." तिने कोटाचे वरचे बटण लावले. "अँब्रोजला कळायला हवं होतं, एल्वी."

"हो."

"मी दोनदा गेले होते त्यांच्या बहिणीच्या घरी. दार उघडलं नाही त्यांनी."

मिस लुओमांनी मध्ये पडून सांगितले की या पुरवणीला दोन साक्षीदार लागतील. ज्यांना मृत्युपत्रात काही मिळायचे नाही अशी माणसे बरी, म्हणजे पुढे वाद राहत नाही. मेरियनने मला विचारले, "मला काय ठेवलंयस?"

"काही नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि पेन मागितले. मिस लुओमांनी सांगितले, मजकूर पुरा होऊ दे. म्हणून तिकीट-खिडकीपाशी बसून मी हे लिहिते आहे आणि ती समोर कोट न काढता उभी आहे.

तरी, सातव्या कलमातली मृत्यूनंतर वाचण्याची अट मी रद्द करते. ते वाचून झाले आहे. मजकूर तसाच ठेवावा. बाकी सर्व कलमे कायम.

पोर्टर हार्बर प्लेहाउस. रविवार, २ नोव्हेंबर २०२५, दुपारी तीन वाजून वीस मिनिटे.
एल्वी मार्याता कांगास

साक्षीदार, नाव आणि व्यवसाय आपापल्या हाताने:

रसेल नीमी, निवृत्त पोस्टमन

मेरियन हॉस्किंग, रंगमंच व्यवस्थापक